वसमतच्या शिवारातील उन्हाळी पक्षिनिरीक्षण

वसमत तालुक्यात एप्रिलच्या मध्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंतचा काळ हा इथल्या कायम रहिवासी पक्ष्यांच्या धामधुमीचा काळ असतो. हिवाळ्यात येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांच्या पाण्यावर उतरलेली स्थलांतरित बदके तोवर परतलेली असतात, ज्वारीच्या कणसांवर तुटून पडणाऱ्या भोरड्यांचे थवेही निघून गेलेले असतात. त्यामुळे उन्हाळ्यात पाहण्याजोगे काही उरत नाही, असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. जातींची संख्या घटते हे खरे. पण मागे राहिलेले पक्षी जोडीदारासाठी गात असतात, घरटी बांधत असतात, अंडी उबवत आणि पिलांना भरवत असतात. पक्ष्यांचे वर्तन पाहायचे असेल तर याहून चांगला ऋतू नाही. मात्र ही सकाळ फार लवकर संपते. म्हणून कुठे आधी जायचे आणि कुठे नंतर, हे आदल्या रात्रीच ठरलेले असावे.

वसमतचे शिवार पक्ष्यांसाठी सोयीचे आहे, ते त्याच्या सरमिसळीमुळे. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांमुळे इथे उन्हाळ्यातही ऊस आणि केळीचे हिरवे पट्टे टिकून राहतात. त्यांना लागूनच काढणी झालेली हळदीची रिकामी रानं असतात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे हे पीक आता सर्वांना ठाऊक झाले आहे. पक्षिनिरीक्षकाला त्यातले महत्त्वाचे एवढेच, की हळद काढताना जमीन खोलवर उकरली जाते आणि तिच्यातले किडे, अळ्या, हुमणी वर येतात. त्यापलीकडे धुऱ्यावरच्या बाभळी आणि निंब, आखाड्याशेजारची जुनी विहीर, मुरमाड गायरान, आणि कुरुंद्याच्या टोकाई गडाकडे किंवा औंढा नागनाथच्या डोंगरांकडे गेले की साग-पळसाचे विरळ जंगल. सकाळच्या तीन-साडेतीन तासांत यातल्या बहुतेक जागा पाहता येतात.

एप्रिलच्या सुरुवातीला इथे सूर्योदय सव्वासहाच्या सुमारास होतो, तर मेच्या मध्याला पावणेसहाच्या आसपास. घरातून निघायचे ते त्याच्या किमान पाऊण तास आधी, म्हणजे झुंजूमुंजू होताना पांदणीत पाय असायला हवा. मे महिन्यात दुपारचे तापमान ४२ अंशांच्या घरात जाते आणि नऊनंतर उघड्या रानात पक्ष्यांची हालचाल मंदावते. यावरून फेरीचा क्रम ठरतो: शेत आणि माळ आधी, कालवा मध्ये, जंगल शेवटी. जंगलातल्या नाल्यात सावली असल्यामुळे तिथले पक्षी आणखी तासभर जागते राहतात. उलट क्रमाने गेल्यास माळावर पोहोचेपर्यंत झळा सुरू होतात आणि दुर्बिणीतून फक्त थरथरणारी हवा दिसते.

दुर्बीण ८×४० किंवा ८×४२ या मापाची घ्यावी. यातला पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण आकर्षक वाटते, पण हातात ती जास्त हलते आणि तिच्यात दिसणारा परिसर सहसा कमी असतो. झाडीतला चपळ पक्षी शोधताना ते अडचणीचे ठरते. कपडे मातकट किंवा फिकट हिरवे, डोक्याला टोपी किंवा उपरणे, पायात घोट्यापर्यंतचे बूट. घोणस आणि नाग या भागात आहेत, पाचटात आणि बांधावरच्या दगडांत ते पहाटे निवांत पडलेले असू शकतात; चपला घालून पांदणीत शिरू नये. माणशी दोन लिटर पाणी सोबत ठेवावे. आखाड्यावरची कुत्री अनोळखी माणसावर धावून येतात, म्हणून दुरूनच हाक द्यावी आणि शेतमालकाला विचारून रानात उतरावे. बहुतेक शेतकरी परवानगी तर देतातच, वर कोणत्या झाडावर कोणाचे घरटे आहे तेही सांगतात. ही माहिती कोणत्याही पुस्तकात मिळत नाही.

पहिला अर्धा तास डोळ्यांचा नसून कानांचा असतो. अंधार असतानाच रातव्याची ठोके मारल्यासारखी चक्-चक्-चक् ऐकू येते. तो जमिनीवर बसलेला असतो आणि उजाडले की गप्प होतो. पिंगळ्यांची जोडी जुन्या चिंचेच्या किंवा वडाच्या ढोलीजवळ कलकलाट करून आत शिरते. दिवसाच्या पक्ष्यांत कोतवाल सर्वांत आधी बोलणाऱ्यांपैकी एक. त्यानंतर वस्तीजवळच्या झाडाच्या शेंड्यावरून दयाळ गाऊ लागतो. हिवाळ्यात जवळजवळ मुका असणारा हा काळा-पांढरा पक्षी उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटे सलग शीळ घालतो. तित्तरांची जुगलबंदी, मोरांची केका, कोकिळाचा चढत जाणारा कुहू आणि तांबटाची एकसुरी टुक-टुक यांची भर पडत जाते. या वेळी एका जागी उभे राहून आवाजांची दिशा लक्षात ठेवावी. प्रत्येक आवाजामागे धावत गेल्यास एकही पक्षी धड दिसत नाही.

आवाजावरून पक्षी ओळखणारी ‘मर्लिन’सारखी अ‍ॅप आता मोबाइलवर मिळतात. त्यांचा उपयोग सूचना म्हणून करावा, निर्णय म्हणून नव्हे. पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय किंवा आवाज आधीपासून पक्का माहीत असल्याशिवाय नाव लिहू नये.

उजाडले की पांदणीतून शेताकडे वळावे. ट्रॅक्टरने नांगरट चालू असेल तर तिथे थांबणे सर्वांत फायद्याचे. फाळामागे गायबगळे, साळुंक्या, कोतवाल आणि कावळे रांगेने उतरतात. गायबगळ्यांच्या डोक्यावर आणि मानेवर या दिवसांत केशरी रंग चढलेला असतो, तो विणीचा पोशाख. लाल टोपीचा काळा शराटी लांब वाकडी चोच ढेकळांत खुपसत सावकाश फिरतो. हळदीच्या उकरलेल्या रानात हुदहुद हमखास दिसतो; तो चोच जमिनीत घालतो, अळी बाहेर काढतो, हवेत उडवतो आणि गिळतो.

धुऱ्यावरची झाडे एकेक करून तपासावीत. बाभळीच्या मोकळ्या फांदीवर कोतवालाचे उथळ वाटीसारखे घरटे असते आणि ते झाड तो घारीपासून कावळ्यापर्यंत सर्वांपासून राखतो. म्हणूनच त्याच झाडावर किंवा शेजारी बुलबुल आणि हळद्या आपली घरटी बांधतात. कोतवालाचे घरटे सापडले की आजूबाजूची पाने बारकाईने पाहावीत. हळद्याचा पिवळाजर्द नर त्या पानांत आश्चर्य वाटावे इतका लपून जातो. विजेच्या तारेवर किंवा वाळक्या फांदीवर नीलपंख बसलेला दिसेल. बसलेला असताना तो मातकट वाटतो, उडाला की पंखांतले गडद आणि फिकट निळे पट्टे उघडतात. विणीच्या काळात नर उंच जाऊन कर्कश ओरडत गिरक्या घेत खाली येतो. हे दृश्य मुद्दाम थांबून पाहावे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या २०२३ च्या अहवालाने नीलपंखाची संख्या देशभर लक्षणीय घटत असल्याचे नोंदवले आहे. त्याच अहवालात मोर आणि कोकीळ यांची संख्या वाढल्याचेही म्हटले आहे, आणि वसमतच्या शिवारात मोर किती सहज दिसतात ते पाहता यात नवल वाटत नाही.

आखाड्याजवळच्या विहिरीवर वाकलेली बाभूळ किंवा शिंदीचे झाड असेल तर तिथे सुगरणींची वसाहत शोधावी. मेअखेरीस नरांच्या डोक्यावर आणि छातीवर पिवळा रंग येतो आणि पहिले वळीव पडून गेले की बांधकाम सुरू होते. उसाच्या किंवा गवताच्या पात्याला नर एका कडेला चोचीने खाच पाडतो, टोक धरून उडतो आणि लांब धागा सोलून नेतो. घरटे अर्धे, म्हणजे शिरस्त्राणाच्या आकाराचे झाले की तो त्याला लटकून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी आत बसून पाहते, विणीची पकड तपासते. तिला पसंत पडले तरच पुढची नळी पूर्ण होते, नाहीतर ते घरटे अर्धवटच लोंबकळत राहते. डॉ. सलीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे याच पक्ष्याचा अभ्यास करून १९३१ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि एका नराचा अनेक माद्यांशी क्रमाने संसार कसा चालतो ते दाखवून दिले. दुर्बीण, सावली आणि तासभर बसण्याची तयारी असेल तर हे सारे कोणत्याही विहिरीवर पाहता येते.

कालव्याला पाण्याची पाळी सुटलेली आहे का, याची आदल्या दिवशी चौकशी करावी. पाणी असेल तर काठावर खंड्या, वंचक, पांढऱ्या भुवईचा धोबी आणि साचलेल्या उथळ पाण्यात शेकाटे मिळतात. पाणी नसले तरी कालव्याच्या उभ्या मातीच्या कडा सोडू नयेत: वेडा राघू त्यातच बोगदे खणतो. तारेवरून झेप घेऊन माशी पकडायची, फांदीवर आपटायची आणि बिळात न्यायची, असा त्याचा क्रम सतत चालू असतो. बिळाच्या तोंडासमोर माणूस उभा राहिला तर तो चोचीत भक्ष्य धरून तारेवर ताटकळत बसतो. असे दिसले की लगेच मागे सरावे. पुलाखाली डोकावल्यास तारवाली भिंगरीचे चिखलाच्या गोळ्यांचे घरटे दिसण्याची शक्यता असते.

कालव्याआधी गाठायचे माळ आणि गायरान हा या फेरीतला सर्वांत नाजूक भाग आहे, कारण इथले पक्षी जमिनीवर अंडी घालतात. टिटवीचे घरटे म्हणजे खड्यांमधला एक हलका खळगा. त्यात सहसा चार अंडी असतात, निमुळती टोके आत वळवलेली, मातीच्या रंगाची आणि काळसर डागांची. ती दोन हातांवर असली तरी दिसत नाहीत. माणूस जवळ येताच टिटवी उठते, डोक्यावर घिरट्या घालत ओरडते. ती जितकी जोरात ओरडते तितके घरटे जवळ आहे असे समजावे आणि आल्या पावली मागे फिरावे. मे महिन्याच्या उन्हात टिटवी अंडी गरम करण्यासाठी बसत नाही, ती थंड ठेवण्यासाठी सावली धरून उभी राहते. जवळ पाणी असेल तर पोटाची पिसे भिजवून येते आणि तो ओलावा अंड्यांना देते. अशा वेळी छायाचित्रासाठी पाव तास तिला दूर ठेवले तर अंडी उन्हाने तापून मरू शकतात. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस जास्त, सखल जागी घातली की कमी, हा आडाखा शेतकरी पूर्वापार मांडत आले आहेत. तो खरा ठरतो की नाही हा वेगळा प्रश्न, पण त्या निमित्ताने इथल्या माणसांचे टिटवीवर लक्ष आहे, हे मोलाचे आहे.

त्याच माळावर पिवळ्या गलोलीची माळटिटवी, सरळ उभा राहणारा धाविक आणि डोंबारी शोधावेत. डोंबारीचा चिमुकला नर उंच चढतो, पंख मिटून खाली झेपावतो, जमिनीला टेकणार तोच पुन्हा वर उचलतो. मराठवाड्याच्या माळांवर पखुर्डीही आहेत. सकाळी ऊन चढल्यावर त्या ठरलेल्या पाणवठ्यावर येतात. नर पोटाची पिसे पाण्यात भिजवून पिलांसाठी पाणी नेतो. पाणवठ्यापासून चांगले दूर, झुडपाआड बसून वाट पाहिली तरच हे दिसते. पाण्याच्या काठाशी जाऊन बसल्यास पखुर्डी तहानलेल्याच परततात.

आठच्या सुमारास जंगलाकडे वळावे. साग या दिवसांत निष्पर्ण असतो, पळसाची फुले संपलेली असतात, धावडा आणि टेंभुर्णी यांच्याखालीही विरळ सावली. नवख्या माणसाला हे जंगल मेलेले वाटते. निरीक्षणासाठी मात्र ते उत्तम, कारण पाने नसल्यामुळे मराठा सुतार, टकाचोर, नाचण हे पक्षी उघड्यावर येतात, आणि उरलेले बहुतेक पक्षी नाल्यातल्या उंबर-करंज-जांभळांच्या हिरव्या पट्ट्यात गोळा होतात. तेव्हा डोंगर चढत बसण्याऐवजी नाल्याच्या काठाने हळूहळू वर जावे. स्वर्गीय नर्तकाच्या नराची पांढरी लांब शेपटी सावलीतल्या डबक्यावरून तरंगत गेली की लक्ष आपोआप तिकडे जाते. फळे धरलेला वड किंवा उंबर भेटला तर तिथे अर्धा तास द्यावाच. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल पानांत असा मिसळतो की फांदी हलल्यावरच कळते की तिथे पंधरा पक्षी आहेत. राखी धनेशही तिथेच येतो. नर एकटाच येऊन फळे गोळा करत असेल आणि एकाच दिशेने वारंवार उडत असेल, तर मादी ढोलीत बंद आहे असे समजावे. ती विष्ठेने ढोलीचे तोंड लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते, आणि तिचा व पिलांचा सारा भार नरावर पडतो. नराला त्रास झाला तर आतले सगळे उपाशी राहतात, म्हणून त्याचा ढोलीपर्यंत पाठलाग करू नये. मोठ्या झाडाखाली बसण्याआधी वर आग्या मोहोळ नाही ना, हेही पाहून घ्यावे.

मेच्या उत्तरार्धात या यादीत नव्यांची भर पडते. नवरंग झाडोऱ्यात उतरतो आणि पहाटे व संध्याकाळी दोन स्वरांची शीळ घालतो. दिवसा तो पालापाचोळ्यात चरत असल्याने नजर जमिनीवर ठेवावी लागते. रोहिणी नक्षत्राच्या आसपास पावशाचा ‘पेरते व्हा’ जोर धरतो. हा पक्षी दिसायला शिक्र्यासारखा असतो, इतका की लहान पक्षीही फसून त्याच्यामागे लागतात. फरक चोचीत पाहावा: शिक्र्याची चोच आखूड आणि आकडीसारखी, पावशाची सरळसर, शिवाय पावशाच्या डोळ्याभोवती पिवळे कडे असते. मृगाच्या तोंडावर आफ्रिकेकडून चातक येतो. पावशा आणि चातक दोघेही सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात, त्यामुळे सातभाईंच्या टोळीत वेगळ्याच आवाजाने खाऊ मागणारे एखादे थोराड पिल्लू दिसले तर बारकाईने पाहावे.

परतायची वेळ घड्याळापेक्षा पक्षीच नेमकी सांगतात. कावळे, साळुंक्या चोच उघडी टाकून, पंख अंगापासून किंचित दूर धरून सावलीत बसू लागले की त्यांना उष्णता सोसत नाही असे समजावे. अशा पक्ष्याला उठवणे म्हणजे त्याच्या अंगातले पाणी वाया घालवणे. तिथेच फेरी थांबवावी. मेमध्ये दुपारनंतर वळिवाचे ढग जमतात आणि विजा पडतात. संध्याकाळची फेरी करायची असल्यास आभाळ पाहूनच निघावे, एकट्या झाडाखाली थांबू नये.

पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवण्याची सवय अलीकडे बोकाळली आहे. विणीच्या हंगामात ती सरळसरळ अन्याय आहे. नराला आपल्या हद्दीत दुसरा नर आल्यासारखे वाटते, तो घरटे सोडून त्या खोट्या प्रतिस्पर्ध्याला शोधत राहतो. घरट्यासमोरची फांदी छायाचित्रासाठी बाजूला करणेही तितकेच घातक, कारण ती फांदीच पिलांची सावली असते आणि कावळ्यापासूनचा आडोसाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी उचलणे किंवा घरटी मोडणे हा गुन्हा आहे. वनखात्याच्या राखीव हद्दीत जायचे असेल तर आधी स्थानिक कार्यालयात विचारावे.

नोंद त्याच दिवशी लिहावी: तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी, संख्या आणि तो काय करत होता. शेवटचा रकाना उन्हाळ्यात सर्वांत मोलाचा. ‘कोतवाल, २’ यापेक्षा ‘कोतवाल, चोचीत काडी, विहिरीजवळची बाभूळ’ ही नोंद पुढे उपयोगी पडते. नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ हाताशी असावा, कारण एकाच पक्ष्याला गावोगाव वेगळी नावे आहेत. नोंदी ‘ई-बर्ड’ या जागतिक संग्रहात भरता येतात आणि देशपातळीवरील अहवाल अशाच नोंदींवर उभे राहतात. सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. वसमत तेव्हा त्याच संस्थानात होते. त्यानंतर या भागात पूर्णेचे कालवे आले, ऊस आला, हळद वाढली, माळ नांगराखाली गेले. या बदलात कोणते पक्षी वाढले आणि कोणते हटले, हे सांगायला लागणारी माहिती गावातल्या माणसांनीच वर्षानुवर्षे लिहिली तर जमेल. जमिनीवरच्या घरट्यांची आणि धनेशाच्या ढोलीची नेमकी जागा मात्र समाजमाध्यमांवर टाकू नये.

शेतकरी वाचकांना एक विनंती. नांगरट किंवा वखरपाळी करताना टिटवी डोक्यावर ओरडू लागली तर गडी पाठवून अंडी शोधावीत, त्यांना हात न लावता दोन काठ्या रोवाव्यात आणि तेवढा चार हातांचा तुकडा सोडून औत पुढे न्यावे. टिटवीची अंडी साधारण चार आठवड्यांत फुटतात आणि पिले पहिल्याच दिवशी चालू लागतात. त्यानंतर तो तुकडाही पेरता येतो.